सत्तावन्न नंबरचा राखणदार

मित्रांनो, मी देव नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर माझ्या अंगावरचा शेंदूर बघून तुम्ही चपला काढायला लागाल आणि मला उगाच संकोच वाटेल. मी जंगल खात्याचा एक जुना हद्दीचा दगड आहे. मुलुंड पश्चिमेला जिथे शेवटची चाळ संपते आणि डोंगराची चढण सुरू होते, तिथे एका बेहड्याच्या झाडापुढे मी उभा आहे. नंबर सत्तावन्न. उंची माणसाच्या कमरेएवढी, रंग काळा आणि स्वभाव थोडा हट्टी. माणसं एकमेकांवर चिडली की ‘दगड आहेस नुसता’ असं म्हणतात. त्यात शिवी काय आहे, ते मला अजून कळलेलं नाही.

माझा जन्म घाटकोपरच्या डोंगरातल्या एका खाणीत झाला. तुमचे आजोबा तेव्हा पाळण्यात असतील. एका पाथरवटाने तीन दिवस टाकी लावून माझ्या चार बाजू सरळ केल्या आणि छातीवर आकडा कोरला. त्यातला पाच जरा तिरका आला. पाथरवट ‘च्च’ म्हणाला, पण मला तो तिरका पाच फार आवडला. माझ्या भावंडांचे सगळे आकडे कसे शाळेच्या रांगेत उभे राहिल्यासारखे सरळ! मग आम्हाला बैलगाडीत घातलं आणि मुलुंडच्या डोंगराखाली आणून एकेकाला पुरत पुरत नेलं.

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. छप्पन्न नंबरपर्यंत हद्दीची रेषा अगदी सरळ आली होती. पण पुढे बघतात तर काय, रेषेच्या बाहेर जुन्या झाडांचा एक मोठा घोळका उभा. चार ऐन, दोन आसाणे, चार-पाच जांभळी, एक अवाढव्य बेहडा आणि खाली करवंदीच्या दाट जाळ्या. मोजणी करणारा साहेब बराच वेळ टोपी काढून त्या झाडांकडे बघत राहिला. मग त्याने रेषा बाहेरच्या बाजूला वळवली, झाडांच्या पुढे मला पुरलं आणि अठ्ठावन्न नंबरला पुन्हा आत नेऊन उभं केलं. म्हणजे मी त्या रेषेचं कोपर झालो. मी होतो म्हणून ती झाडं जंगलाच्या आत होती. मी नसतो तर ती सरळ बाहेर पडली असती.

माझं काम म्हणजे उभं राहणं. तुम्ही हसाल, पण चाळीस-पन्नास वर्षं एका जागी उभं राहून बघा, मग समजेल! माझ्या पाठीवर सरडे ऊन खात. गुरं येऊन मान खाजवत. डोंगरातल्या पाड्यावरची माणसं मोळ्या टेकवून माझ्यापाशी दम खात. त्या जागेला जो तो आपापल्या नावाने ओळखी. खात्याच्या कागदात ते ‘राखीव वन’ होतं. पाड्यावरची माणसं ‘रान’ म्हणत आणि रानातून लागेल तेवढंच नेत. शहरातून सहलीला आलेली मंडळी ‘जंगल, जंगल’ असं ओरडत आणि खरकटे कागद टाकून जात. मला मात्र यातलं कुठलंच नाव विशेष जवळचं वाटलं नाही. माझ्या लेखी ती माझी झाडं होती, बस्स.

मग खाली वस्ती वाढली. चुली वाढल्या. जो तो कोयता घेऊन वर यायला लागला. एका आसाण्याच्या सगळ्या खालच्या फांद्या गेल्या. बेहड्याच्या बुंध्यावर कुणीतरी कुऱ्हाडीचे चार घाव घालून ठेवले. माझ्या छातीवरचा आकडा मातीने भरून गेला होता आणि त्याचा अर्थ विचारायलाही कुणी थांबत नव्हतं. हद्दीचा दगड असून हद्द राखता येईना, याची मला फार लाज वाटायची. पण दगड ओरडणार कसा?

आणि अशा वेळी रुक्मिणी आली.

रुक्मिणी मूळची मालवणकडची. तिचा नवरा धाकू परळच्या गिरणीत होता. ब्याऐंशीच्या संपानंतर गिरणीची नोकरी गेली, परळची खोली गेली आणि दोघं या डोंगराखाली राहायला आली. धाकूला नाहूरच्या एका कारखान्यात वॉचमनचं काम मिळालं. रॉकेल पुरत नव्हतं, म्हणून रुक्मिणी लाकडं गोळा करायला वर आली. हाताला लागेल ती काटकी उचलत उचलत ती थेट माझ्यासमोर येऊन थांबली. तिने मान वर करून ती जुनी झाडं पाहिली. मग त्यांच्या पुढे उभा असलेला काळाकभिन्न मी पाहिला. तिच्या गावाकडे प्रत्येक देवराईला एक राखणदार असतो. राखणदाराच्या राईतली वाळकी काडीसुद्धा कुणी घरी नेत नाही. बाईचा चेहरा एकदम उतरला.

“अरे देवा, माका ठावक नव्हता रे,” ती म्हणाली. “चुकी झाली म्हाराजा, पदरात घे.”

आणि तिने काखेतली सगळी लाकडं माझ्यापाशी खाली ठेवली, दोन्ही कान धरले आणि मोकळ्या हातांनी घरी गेली.

दुसऱ्या दिवशी ती तेल आणि शेंदूर घेऊन आली. मित्रांनो, मी तोंडात बोट घालायचंच काय ते बाकी होतं! आयुष्यात कुणी माझी धूळ पुसली नव्हती आणि ही बाई मला न्हाऊ घालत होती. मातीने भरलेला माझा आकडा शेंदराखाली गेला. पुढे दर अमावस्येला नवा थर चढू लागला. मला खरं सांगायचं होतं, ‘अहो बाई, मी नंबरवाला आहे, देव नाही.’ पण सांगणार कसं? आणि आतल्या गोटातली गोष्ट सांगू का, मला ते आवडायलाही लागलं होतं.

रुक्मिणीचा आवाज खणखणीत. कुणी कोयता घेऊन वर चढताना दिसलं की ती दारातूनच ओरडायची, “ए बाबा, खंय चाललंस? हयसर राखणदार आसा! राईतली काडी हलवूची नाय!” वस्तीत कोकणातली घरं बरीच. त्यांना हे लगेच पटलं. ज्यांना पटलं नाही, ती रुक्मिणीच्या तोंडाला घाबरली. दोन वर्षांत आसाण्याला पुन्हा फांद्या फुटल्या. बेहड्याच्या जखमा भरून आल्या. करवंदीच्या जाळ्यांत तांबट आणि बुलबुल भांडू लागले. खात्याच्या पाटीने जे झालं नाही, ते एका बाईच्या ओरडण्याने झालं.

एकटी चंपा मात्र मला बघून गालात हसायची. चंपा पाड्यावरची. पावसाळ्यात रानभाज्या आणि उन्हाळ्यात करवंदं विकायला ती खाली उतरे आणि वाटेत रुक्मिणीकडे चहा पिई. तिच्या आज्याने मला पुरताना खड्डा खणला होता. त्यामुळे मी कोण, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण ती कधी बोलली नाही.

सत्त्याऐंशी सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट. एके दिवशी सकाळी मोजणीवाले आले. खाली सोसायट्या उभ्या राहणार होत्या, त्यांना मागच्या बाजूने रस्ता हवा होता आणि जंगलाची हद्द कुठून जाते, ते ठरवायचं होतं. मोजणीदाराबरोबर जंगल खात्याचा गार्ड होता, दशरथ. वाशिमकडचा, तिशीतला, कमी बोलणारा. त्याची बदली होऊन चारच महिने झाले होते. आणि ठेकेदाराच्या बाजूने सुपरवायझर चंद्रप्रकाश आला होता.

छप्पन्न नंबर सापडला. अठ्ठावन्न सापडला. सत्तावन्नचा पत्ताच नाही! दशरथ काठीने झुडपं बाजूला करत सकाळभर हिंडला. माझ्या समोरून तो तीन वेळा गेला, मित्रांनो, तीन वेळा! शेंदूर फासलेला देव बघून तो बाजूने निघून जायचा.

“यार, किती शोधणार?” चंद्रप्रकाश शेवटी म्हणाला. “छप्पन्न ते अठ्ठावन्न सरळ लाइन मारा ना. मधली ती झाडी बाहेर पडते, पडू दे. मोकळी जागाच आहे ती.”

तो काही दुष्ट माणूस नव्हता. त्याला रस्ता सरळ हवा होता, एवढंच. मोजणीदाराने घड्याळ बघितलं. “चार वाजेपर्यंत दगड दाखवा, गार्डसाहेब,” तो म्हणाला. “नाहीतर मला सरळ रेषेचाच पंचनामा करावा लागेल.”

सरळ रेष! म्हणजे चार ऐन, दोन आसाणे, जांभळी आणि माझा बेहडा, सगळ्यांवर कुऱ्हाड. मी इथे उभा होतो, धडधडीत समोर उभा होतो आणि माझ्याच अंगावरच्या शेंदरामुळे कुणाला दिसत नव्हतो!

बातमी वस्तीत पोचली. बायका-माणसं वर आली. रुक्मिणी दशरथला म्हणाली, “साहेब, ही राई तोडतले? राखणदाराची राई?”

“आई, मलाही नको आहे हो तोडायला,” दशरथ म्हणाला. “पण सत्तावन्न नंबरचा दगड सापडल्याशिवाय माझ्या बोलण्याला किंमत नाही. कुणी पाहिलाय का असा दगड? कमरेइतका, काळा?”

मागे करवंदीच्या जाळीपाशी चंपा उभी होती. ती बराच वेळ पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिली.

“सायबाचा दगड ना?” ती हळूच म्हणाली. “तो काय, तुमच्या म्होरंच हाय. शेंदराच्या आत.”

रुक्मिणी चंपाकडे वळली. तिचा आवाज चढला नाही, हेच मला जास्त लागलं.

“तुका ठावक होता?”

“व्हय.”

“पाच वर्सां माझ्या घराकडे चाय पितंस, आणि बोलाक नाय?”

“तू पाया पडत व्हतीस न् झाडं उभी ऱ्हात व्हती,” चंपा म्हणाली. “मी कशाला मधी बोलू?”

दशरथ पुढे आला. त्याच्या खिशात चाकू होता, पण तो त्याने बाहेर काढला नाही. तो बाबासाहेबांना मानणारा, दगडापुढे हात न जोडणारा माणूस. वस्तीत सगळ्यांना ते ठाऊक होतं. “आई,” तो म्हणाला, “मी देव मानत नाही, तुम्हाला माहीत आहे. पण हा शेंदूर तुमच्या हाताचा आहे. तुम्ही हो म्हणाल्याशिवाय मी याला बोट लावणार नाही.”

“थांबा, थांबा!” धाकू घाईघाईने म्हणाला. “असो शेंदूर खरवडूचो नाय. आधी गाऱ्हाणा घालूया, कौल घेवया. देव उजवो कौल देयत तर काढूया.”

कौल म्हणजे काय, ते सांगतो. देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी आधी पडली तर नकार. कोकणात लग्न ठरवायचं असो की विहीर खणायची असो, देवाला विचारल्याशिवाय माणसं पुढे जात नाहीत.

धाकूने माझ्यासमोर नारळ ठेवला आणि हात जोडले. “बा राखणदारा, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळे एका सुरात म्हणाले.

“तुझ्या राईर आज संकट इला हा, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“तुझ्या अंगावरचो शेंदूर काढूक तुझो हुकूम होवंदे. काय चुकला-माकला तर लेकरांका सांभाळून घे, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

दोन पाकळ्या माझ्या खांद्यांवर चिकटल्या. सगळे बघू लागले आणि माझी काय वाट लागली म्हणून सांगू! सगळ्या आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी काही विचारलं होतं. मला उजवी पाकळी पाडायची होती. जीव तोडून पाडायची होती. पण मी दगड हो! एक पाकळी हलवण्याएवढी ताकदसुद्धा माझ्यात नव्हती. वारा पडलेला. झाडाचं पान हलत नव्हतं. साडेतीन झाले. मोजणीदाराने कागद मांडीवर घेतला. चंद्रप्रकाश झाडाला टेकून घाम पुसत होता.

आणि डावी पाकळी हलली. तेलकट अंगावरून ती बोटभर खाली घसरली. गर्दीतून ‘अरे, अरे’ असा आवाज आला. ती पूर्ण पडली असती तर संपलंच होतं. मग धाकूने कुणाला शेंदराला हात लावू दिला नसता आणि चार वाजता सरळ रेष पडली असती. मला इतकं असहाय कधीच वाटलं नव्हतं, कुऱ्हाडीचे घाव पडत होते तेव्हासुद्धा नाही.

पाकळी तिथेच अडकून राहिली.

रुक्मिणी पुढे आली. तिने डाव्या खांद्यावरची पाकळी उचलली, उजव्या खांद्यावरची उचलली आणि दोन्ही पदरात बांधल्या.

“रुक्मिणी!” धाकू ओरडला. “अगो, काय करतंस ह्या!”

“देव गप रवलो,” ती म्हणाली. “म्हणजे त्येना माझ्यार सोडल्यान. आणि पाप लागला तर माका लागांदे, राईक नको.”

तिने शेजारच्या मुलीला घरी पिटाळून भाकरीचं उलथणं आणवलं. मग माझ्यासमोर मांडी घालून बसली आणि खरवडायला लागली. पाच वर्षांचे थर, मित्रांनो! पापुद्र्यांवर पापुद्रे निघत होते. प्रत्येक थर तिच्याच हाताने चढलेला. तिचे हात कोपरापर्यंत लाल झाले आणि डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता, तेव्हा चंपाने येऊन आपल्या पदराने तिचे डोळे पुसले. रुक्मिणीने तिला दूर केलं नाही.

आधी सात दिसला. मग मातीने भरलेली एक खाच. चंपाने काट्याने ती उकरली आणि माझा तिरका पाच उजेडात आला.

“सत्तावन्न!” दशरथ एवढ्या मोठ्याने ओरडला की जांभळीवरचे पोपट उडाले. “साहेब, साखळी आणा! सत्तावन्न सापडला!”

मोजणीदाराने चष्मा लावून दोनदा वाचलं. मोजणीची साखळी छप्पन्नपासून माझ्यापर्यंत आली, माझ्यापाशी वळली आणि अठ्ठावन्नपर्यंत आत गेली. सगळी झाडं आत. चंद्रप्रकाशने सुस्कारा सोडला. “चला, रस्ता वळवायला लागणार,” तो म्हणाला आणि जाता जाता बेहड्याच्या सावलीत बसून डबा खाऊन गेला. मला त्याचा राग आला नाही.

पण खरं सांगू? झाडं वाचली आणि मला नवीन भीती वाटायला लागली. समोर रुक्मिणी बसली होती. मी उघडाबोडका, छातीवर सरकारी आकडा. तिचा देव मी तिच्याच हातून हिरावून घेतला होता. आता ही बाई उठेल, घरी जाईल आणि माझ्याकडे पुन्हा बघणारही नाही, असं मला वाटलं. त्याचं मला फार, फार वाईट वाटलं, कारण मला तिची सवय झाली होती. धाकूसुद्धा नारळ फोडावा की उचलून न्यावा, या पेचात उभा होता.

रुक्मिणीने त्या आकड्यावरून बोट फिरवलं. तिला वाचता येत नव्हतं. “साहेब,” तिने दशरथला विचारलं, “ह्या आकड्याचो अर्थ काय?”

दशरथ तिच्या शेजारी उकिडवा बसला. “अर्थ असा, आई, की या दगडापासून आत कुणी झाड तोडायचं नाही. आतलं सगळं राखायचं. या दगडाचं कामच ते.”

रुक्मिणी खळखळून हसली.

“मगे?” ती म्हणाली. “पाच वर्सां मी काय येगळा सांगत होतंय?”

मित्रांनो, त्यावर सगळी वस्ती हसली, दशरथही हसला. धाकूने नारळ फोडला आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा दशरथच्या हातावर ठेवला. त्याने तो आनंदाने खाल्ला.

आता माझं बरं चाललं आहे. दर अमावस्येला रुक्मिणी येते आणि माझ्या फक्त डोक्यावर शेंदूर लावते. छाती मोकळी ठेवते. दशरथ वर्षातून एकदा रंगाचा डबा घेऊन येतो आणि माझा आकडा पांढऱ्या रंगाने गिरवतो. तो गिरवत असला की चंपा बाजूला उभी राहून ‘पाच वाकडा हाय, सरळ कर’ असं त्याला चिडवते आणि तो काही सरळ करत नाही. एका बाजूने देव, दुसऱ्या बाजूने सरकारी नोकर. एवढा मान कुठल्या दगडाला मिळतो, सांगा?

तेव्हा मुलांनो, डोंगराकडे फिरायला आलात तर माझं एक मागणं आहे. जुनी झाडं उभी असतील त्या जागेला वन म्हणा, रान म्हणा, राई म्हणा, तुमच्या घरात जो शब्द असेल तो वापरा. फक्त तिला मोकळी जागा म्हणू नका. आणि माझ्यासारखा एखादा दगड गवतात बुडालेला दिसला तर दोन मिनिटं थांबा. त्याच्यावरचा पाला बाजूला करा, माती काढा, नंबर दिसू द्या.

बाकीचं आम्ही बघतो.